परिचर्येचे मोल कोणी द्यावयाचे?

लंडनमधील पार्लमेंटसमोरच्या रस्त्यांना मोर्चांचे नावीन्य केव्हाच उरलेले नाही. तरीही २५ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथे जो समुदाय जमला, त्याचे स्वरूप काहीसे असाधारण होते. वृद्ध, अपंग आणि बौद्धिक व्यंग असलेल्या प्रौढ माणसांची निगा राखणाऱ्या संस्थांचे चालक, म्हणजे एरवी ज्यांच्याविरुद्ध नोकरांनी फलक धरावेत असे मालक, आपल्याच नोकरांना बरोबर घेऊन सरकारच्या दारी गाऱ्हाणे मांडावयास आले होते. ‘प्रोव्हायडर्स युनाइट’ या नावाखाली एकवटलेल्या या मंडळींत धर्मादाय न्यास होते, एखाद्या गावात एकच घर चालविणारी कुटुंबे होती आणि भागधारकांना लाभांश देणाऱ्या व्यापारी कंपन्याही होत्या. त्यांच्या कैफियतीचे सार असे की, आमची सेवा सरकारनेच विकत घ्यावयाची, तिचा दरही सरकारनेच ठरवावयाचा, ती सेवा देण्याचा खर्च कायदा करून सरकारनेच वाढवावयाचा, आणि वाढलेल्या खर्चाची भरपाई करण्याची वेळ आली म्हणजे मात्र आम्हांस स्वतंत्र उद्योजक म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा उपदेश करावयाचा, हा व्यवहार यापुढे चालणे शक्य नाही.

हे गाऱ्हाणे नीट समजण्यासाठी आपल्याकडील एका रूढ समजुतीला थोडा धक्का द्यावा लागेल. इंग्लंडात माणसाने आजारी पडावे आणि पुढचे सर्व सरकारने पाहावे, असे आपण ऐकत आलो आहो. परंतु ही समजूत निम्मीच खरी आहे. डॉक्टरांची तपासणी, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील वास्तव्य यांचा एक पैसाही ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ रोग्याकडून घेत नाही. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊन घरी परतलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थास अंथरुणातून उठविणे, आंघोळ घालणे, सदऱ्याच्या गुंड्या लावून देणे, घास भरविणे, औषध वेळेवर पोटात गेले की नाही हे पाहणे, ही कामे आरोग्यसेवेच्या कक्षेत येत नाहीत. ती ‘ॲडल्ट सोशल केअर’ या निराळ्या खात्याकडे, म्हणजे स्थानिक कौन्सिलांकडे पडतात. आणि तेथे गरज किती या प्रश्नाच्या पाठोपाठ ऐपत किती हा दुसरा प्रश्न येतो. ज्याच्या नावे २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असेल त्याने सगळा खर्च स्वतः सोसावयाचा. मालमत्ता १४,२५० पौंडांच्या आत असेल तर तिला हात लावला जात नाही, तरी निवृत्तिवेतनादी उत्पन्नातून वाटा द्यावाच लागतो. माणूस ‘केअर होम’मध्ये, म्हणजे परिचर्यागृहात कायमचा राहावयास गेला आणि मागे घरात पती, पत्नी अथवा कायद्याने मान्य केलेले अन्य आप्त राहत नसतील, तर राहते घरही या मालमत्तेत धरले जाते. या दोन्ही मर्यादा २०१० पासून तसूभर हललेल्या नाहीत. त्या अवधीत घरांच्या किमती आणि बाजारभाव कोठून कोठे गेले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या व्यवस्थेतील विषमता एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शेजारी राहणाऱ्या दोघा वृद्धांपैकी एकास कर्करोग झाला आणि दुसऱ्यास स्मृतिभ्रंश झाला अशी कल्पना करावी. पहिल्याच्या महागड्या उपचारांचा भार सार्वजनिक तिजोरी उचलील. दुसऱ्याच्या मेंदूतही रोगच आहे, परंतु त्यावर उतारा नसल्यामुळे त्याला जे हवे असते ते औषधापेक्षा अष्टौप्रहर सोबत आणि निगा हेच, आणि ते हवे असणे हा कायद्याच्या दृष्टीने रोग नसून दुर्बलता ठरते. ‘कंटिन्यूइंग हेल्थकेअर’ नावाची एक अपवादात्मक तरतूद आहे, तिच्यान्वये अतिगंभीर प्रकृतीच्या माणसांचा सर्व खर्च आरोग्यसेवा देते. पण तिच्या कसोट्या इतक्या कडक आहेत की, पुष्कळ कुटुंबांना अर्ज आणि फेरअर्ज यांतच आपल्या माणसाचे अखेरचे दिवस घालवावे लागतात. आजार आणि दुर्बलता यांच्यामध्ये ओढलेली ही रेघ ही सगळ्या प्रकरणाची मूळ गाठ होय.

ती कधी ओढली गेली, हेही आपणांस नेमके सांगता येते. १६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या काळात, इंग्लंडात दारिद्र्यविषयक कायदा झाला आणि निराधारांचा भार त्या त्या गावच्या घरपट्टी देणाऱ्यांवर टाकला गेला. १८३४ साली त्या कायद्यात जो फेरफार झाला, त्यामागचे तत्त्व असे होते की, सार्वजनिक मदत घेणाऱ्याची अवस्था हलक्यातील हलक्या मजुराहूनही वाईट असली पाहिजे, म्हणजे अगदी गत्यंतर नसल्यावाचून कोणी मदत मागणार नाही. या तत्त्वातून ‘वर्कहाऊस’ नावाची ती दरिद्रगृहे उभी राहिली, जेथे नवरा एका बाजूस आणि बायको दुसऱ्या बाजूस ठेवली जाई आणि जेथे मरण येणे ही गरीब इंग्रज माणसास आयुष्यातील शेवटची मानहानी वाटत असे. १९०९ च्या आरंभी सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्यास पाच शिलिंगांचे निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा काही वृद्धांची या घरांतून सुटका झाली. परंतु ज्यांना हातपाय चालत नसल्यामुळे दुसऱ्याच्या आधाराची गरज होती, त्यांना पाच शिलिंगांनी काय होणार?

महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळाने ५ जुलै १९४८ या एकाच दिवशी दोन कायदे अंमलात आणले. एकाने नॅशनल हेल्थ सर्व्हिस जन्मास आली. तो दिवस इंग्लंडात आजही एखाद्या सणासारखा आठवला जातो. दुसरा कायदा ‘नॅशनल असिस्टन्स’चा, त्याच्या पहिल्याच कलमाने साडेतीन शतकांचा दारिद्र्यविषयक कायदा बरखास्त केला, परंतु त्याची आठवण आज अभ्यासकांवाचून कोणी काढीत नाही. दोन्ही कायद्यांचा पुरस्कर्ता एकच, वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा, आरोग्यमंत्री ॲनायरिन बेव्हन. त्याने रुग्णालयांचे दरवाजे सर्वांस विनामूल्य उघडले. वृद्धांच्या निवासासाठी मात्र त्याच्या डोळ्यांपुढे चित्र होते ते हॉटेलचे. दरिद्रगृहातील अधिकारी आणि आश्रित हे नाते संपून व्यवस्थापक आणि पाहुणा असे नाते यावे, पाहुण्याने आपले भाडे मोजावे आणि ताठ मानेने राहावे, ही त्याची कल्पना. त्या वेळी एकट्या माणसाचे निवृत्तिवेतन आठवड्यास २६ शिलिंग होते. त्यांपैकी २१ शिलिंग निवासाचे म्हणून घ्यावयाचे आणि ५ शिलिंग हातखर्चास ठेवावयाचे, असा हिशेब बसविण्यात आला.

आज आपण या हिशेबाला नावे ठेवतो, परंतु त्या काळी त्याच्यामागे मन उदार होते हे मान्य केले पाहिजे. ज्याने आयुष्यभर भिक्षान्नाची भीती बाळगली, त्याला पैसे मोजून राहण्यातच प्रतिष्ठा वाटणार, हे बेव्हनला आपल्या खाणकामगारांच्या गावात उमगलेले होते. शिवाय १९४८ च्या कायदेकारांच्या मनातील वृद्ध हा हिंडताफिरता, केवळ घर नसलेला किंवा एकटा पडलेला माणूस होता. जो खरोखर अंथरुणास खिळला आहे तो रुग्णालयाच्या दीर्घवासी विभागात, अर्थात फुकट, राहील असे गृहीत धरलेले होते. पुढे घडले ते निराळेच. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-वेल्समधील १७३ निवासगृहे स्वतः पाहिली आणि १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा असे आढळले की, हॉटेलांचा नुसता कागदावर पत्ता असून सरकारी व्यवस्थेतील वृद्धांचा मोठा भाग जुन्या दरिद्रगृहांच्याच इमारतींत, फक्त पाटी बदलून, राहत आहे. आणि नंतरच्या दशकांत रुग्णालयांतील दीर्घवासी खाटा एकेक करून बंद झाल्या. त्या खाटांवरची माणसे नाहीशी झाली नाहीत. ती परिचर्यागृहांत गेली, म्हणजेच फुकटच्या बाजूकडून ऐपतीच्या बाजूकडे गेली. रेघ जागच्या जागी राहिली आणि माणसे तिच्या अलीकडून पलीकडे सरकविण्यात आली. पार्लमेंटने तसा ठराव कधीच केला नव्हता. १९९४ साली लीड्स येथील मेंदूस गंभीर इजा झालेल्या एका रोग्यास रुग्णालयाने खासगी शुश्रूषागृहात धाडून खर्चाचा भार कुटुंबावर टाकल्याचे प्रकरण आरोग्यसेवेच्या लोकपालापुढे गेले, आणि त्याने आरोग्य-अधिकाऱ्यांना दोषी ठरविले, तेव्हा कोठे ही मूक घडामोड वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली.

खासगी संस्था या क्षेत्रात शिरल्या त्याही अशाच, कोणी फारसा विचार न करता. १९८० च्या सुमारास असा नियम झाला की, गरीब वृद्धाने खासगी परिचर्यागृहात जागा घेतली तर त्याचे भाडे मध्यवर्ती सरकारच्या मदतनिधीतून मिळावे. त्याला परिचर्येची गरज खरोखर आहे काय, हे विचारण्याची तरतूदच नव्हती. साहजिकच समुद्रकाठच्या गावांतील ओस पडलेली लहान हॉटेले पाहतापाहता वृद्धनिवास बनली, आणि १९७९ मध्ये जेमतेम एक कोटी पौंडांचा असलेला हा खर्च नव्वदीच्या आरंभी दोनशे कोटींच्या पलीकडे गेला. (बेव्हनचे हॉटेल अखेर अवतरले ते असे.) खर्च असा फुगत असतानाच मार्गरेट थॅचर यांच्या सरकारने सेन्सबरीज या किराणा-दुकानांच्या प्रख्यात पेढीचा कारभार पाहिलेल्या सर रॉय ग्रिफिथ्स यांच्याकडे चौकशीचे काम सोपविले. त्यांच्या १९८८ च्या अहवालावरून १९९० चा कायदा झाला आणि १९९३ च्या एप्रिलपासून कौन्सिल ही परिचर्येची खरेदीदार बनली: गरज तिने तपासावी, रकमेची मंजुरी तिने द्यावी, सेवा मात्र शक्यतो बाहेरून घ्यावी. या कामासाठी मिळालेल्या खास अनुदानाचा ८५ टक्के भाग सरकारबाह्य संस्थांवरच खर्च झाला पाहिजे, अशी अट होती. आज इंग्लंडातील बहुतेक सगळी परिचर्या खासगी कंपन्या आणि धर्मादाय संस्था यांच्या हातून होते, ती या अटीची फलश्रुती होय.

आता दराच्या गणिताकडे वळू. कारण मोर्चातील फलकांवर जे लिहिलेले होते त्याचा उगम या गणितात आहे, आणि ते थोडे सावकाश पाहण्याजोगे आहे.

एखाद्या जिल्ह्यात परिचर्या देणाऱ्या संस्था पुष्कळ असतात आणि मोठे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे कौन्सिल. असे गिऱ्हाईक भाव करीत नाही, भाव सांगते. आणि त्या गिऱ्हाइकाची स्वतःची स्थिती काय? २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात मध्यवर्ती सरकारने कौन्सिलांची अनुदाने मोठ्या प्रमाणात कापली. २०१६ पासून परिचर्येसाठी म्हणून घरपट्टीवर जादा दोन टक्क्यांपर्यंत अधिभार बसविण्याची मुभा मिळाली खरी, परंतु दोन टक्के कशाचे, हा प्रश्न उरतोच. जेथे घरे महाग तेथे अधिभार भरघोस उतरतो, आणि जेथे घरे स्वस्त, वस्ती गरीब व प्रकृतीने खचलेली, म्हणजे जेथे परिचर्येची निकड सर्वाधिक, तेथे तो सर्वांत तुटपुंजा येतो. अशा कौन्सिलीने जो दर द्यावा तो खर्चाला पुरेल अशी अपेक्षा करणेच व्यर्थ आहे. मग तूट भरून काढावयाची कोणी? स्पर्धाविषयक सरकारी प्राधिकरणाने २०१७ साली केलेल्या चौकशीत याचे उत्तर सापडते. परिचर्यागृहातील आपल्या माणसामागे कौन्सिल आठवड्यास सरासरी ६२१ पौंड देत होती, तर स्वतःच्या पैशाने राहणारा रहिवासी सरासरी ८४६ पौंड मोजत होता. एकाच घरातील दोघांची तुलना केली तर तीच खोली, तेच जेवण, तीच सेविका. त्यांच्या दरात फरक मात्र सरासरी ४१ टक्क्यांचा. सरकारने न बसविलेला कर घर विकून आलेल्या विधवेकडून वसूल होतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

घरोघरी जाऊन दिल्या जाणाऱ्या सेवेचे गणित याहून बिकट आहे, कारण तेथे जादा पैसे देणारा रहिवासी शेजारच्या खोलीत नसतो. कौन्सिल मिनिटांच्या हिशेबाने सेवा विकत घेते. पंधरा मिनिटांत म्हातारीला उठवून, धुऊन, कपडे घालून, चहा-पाव देऊन सेविकेने बाहेर पडावे अशी भेट कित्येक ठिकाणी मंजूर होते. एका घरून दुसऱ्या घरी जाण्यास लागणारा वेळ त्या मिनिटांत नसतो, पण कायद्याने त्या वेळाचे वेतन द्यावे लागते. ‘होमकेअर असोसिएशन’ ही या संस्थांची संघटना दरवर्षी एका तासाच्या सेवेचा किमान दर काढून प्रसिद्ध करते. किमान वेतन, प्रवास, रजा, प्रशिक्षण, विमा, कचेरीचा खर्च आणि अगदी माफक नफा एवढे धरून २०२५-२६ साठी इंग्लंडात तो ३२.१४ पौंड निघाला. पुष्कळ कौन्सिलींचे दर त्याच्या बरेच खाली आहेत. हा आकडा हितसंबंधी संघटनेने काढलेला आहे, ही गोष्ट खरी; परंतु त्यातील प्रत्येक रक्कम निराळी दाखविलेली असल्यामुळे कोणती बाब फुगविलेली आहे ते टीकाकारांना दाखवून देता येईल, आणि अद्याप तसे कोणी समाधानकारकपणे दाखविलेले नाही.

या ओढगस्तीच्या संसारावर ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांचे अंदाजपत्रक कोसळले. मालकाने नोकरामागे भरावयाचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता एप्रिल २०२५ पासून १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. त्याबरोबरच, जेथून हा हप्ता लागू होतो ती वार्षिक वेतनमर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर उतरली. आणि किमान वेतन तासाला ११.४४ पौंडांवरून १२.२१ पौंड झाले. टक्केवारीच्या वाढीपेक्षा मर्यादेची उतरण या क्षेत्रास अधिक झोंबली, याचे कारण येथील नोकरवर्गाचे स्वरूप. मुलाबाळांची शाळा सांभाळून आठवड्यास अठरा तास काम करणारी सेविका घ्या. किमान वेतनाने तिची जुनी वार्षिक कमाई सुमारे १०,७०० पौंड होते आणि तिच्यामागे मालकाचा हप्ता सुमारे २२२ पौंड पडत असे. नव्या हिशेबाने कमाई सुमारे ११,४०० पौंड आणि हप्ता सुमारे ९६४ पौंड, म्हणजे चौपटीहून अधिक. ज्या धंद्यात खर्चाचा बहुतांश भाग वेतनाचाच आहे आणि वेतन घेणाऱ्यांत अर्धवेळ स्त्रियांचा भरणा मोठा आहे, त्या धंद्यावर याहून अचूक घाव घालता आला नसता. नफील्ड ट्रस्ट या संशोधनसंस्थेने दोन्ही वाढींचा मिळून इंग्लंडातील खासगी व धर्मादाय संस्थांवर पडणारा वार्षिक बोजा सुमारे २८० कोटी पौंड काढला. सरकारने कौन्सिलांच्या सामाजिक परिचर्येच्या अनुदानात वाढ केली ती शेवटी ८८ कोटींची, आणि तीत लहान मुलांच्या संगोपनाचाही वाटा.

संस्थाचालकांच्या संतापाचे कारण मात्र केवळ रकमेत नव्हते. नॅशनल हेल्थ सर्व्हिसच्या रुग्णालयांनाही हाच हप्ता भरावा लागणार होता. पण ती सार्वजनिक क्षेत्राचा भाग म्हणून हप्त्याची भरपाई तिजोरीतून देण्यात आली. परिचर्यासंस्था कागदोपत्री खासगी असल्यामुळे त्यांना भरपाई नाही. एकाच वृद्धेची सकाळची मलमपट्टी करणारी परिचारिका सार्वजनिक आणि तिला दुपारी जेवू घालणारी सेविका खासगी, असा हा न्याय. ‘केअर प्रोव्हायडर अलायन्स’ या संस्थासमूहाने आपल्या सभासदांची जी पाहणी केली, तीत ७३ टक्के संस्थांनी नवी माणसे स्वीकारता येणार नाहीत असे कळविले. फेब्रुवारीच्या मोर्चात, आणि त्या आधी व नंतर पार्लमेंटच्या सभासदांना लिहिलेल्या असंख्य पत्रांत, मागणी साधी होती: एक तर हप्त्यातून सूट द्या, नाही तर रुग्णालयांप्रमाणे भरपाई द्या, आणि कौन्सिलांचे दर प्रत्यक्ष खर्चाशी बांधा. लॉर्ड्स सभेने परिचर्यासंस्थांना सूट देणारी दुरुस्ती विधेयकात घातली; मार्चमध्ये कॉमन्स सभेने ती काढून टाकली; ३ एप्रिल २०२५ रोजी विधेयकाचा कायदा झाला. मोहीम त्या तारखेपुरती हरली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे इष्ट आहे. संस्थाचालकांचे गाऱ्हाणे खरे आहे म्हणून सगळे संस्थाचालक साधुपुरुष ठरत नाहीत. २०११ साली ‘सदर्न क्रॉस’ ही त्या देशातील सर्वांत मोठी परिचर्या-कंपनी बुडाली तेव्हा तिच्या सुमारे साडेसातशे घरांत ३१,००० वृद्ध राहत होते. ती बुडाली त्याला कौन्सिलांचे अपुरे दर जसे कारण होते, तसेच आधीच्या मालकांनी इमारती विकून पैसा काढून घेतला आणि कंपनीच्या गळ्यात दरवर्षी चढत जाणारे भाडे बांधले, हेही कारण होते. कौन्सिलीने आज दर वाढविला तर त्यातील किती पौंड सेविकेच्या पदरी पडतील आणि किती भाड्याच्या व व्याजाच्या रूपाने परदेशी खात्यांत जातील, असे कर भरणाऱ्याने विचारले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही. माझे मत असे की, मोहिमेच्या चालकांनी हा प्रश्न टाळण्यात चूक केली. हिशेबाच्या वह्या उघड्या करण्याची तयारी त्यांनी स्वतःहून दाखविली असती, तर लहान संस्थांचा न्याय्य कैवार मोठ्या पेढ्यांच्या सावलीत झाकोळला नसता.

दर अपुरा राहिला की त्याची किंमत अखेर नोकराच्या ताटातून जाते, आणि येथे आपला या विषयाशी सरळ संबंध येतो. दुकानात अथवा गोदामात तेवढेच वेतन अधिक सुखाने मिळत असल्यामुळे इंग्रज माणसे परिचर्येच्या कामाकडे पाठ फिरवू लागली. २०२१-२२ मध्ये इंग्लंडात या क्षेत्रातील सुमारे १,६५,००० जागा रिकाम्या होत्या. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी परिचर्या-सेवकांसाठी व्हिसाचे दार उघडले गेले आणि पुढच्या दोन वर्षांत सुमारे १,८५,००० माणसे बाहेरून भरती झाली. नायजेरिया, भारत आणि झिम्बाब्वे या देशांचा त्यांत मोठा वाटा. ज्या मालकाच्या नावाने व्हिसा, त्याच्याच हाती देशातील वास्तव्य; त्यामुळे दलालांना लाखो रुपये देऊन गेलेल्यांपैकी कित्येकांना तेथे काम मिळाले नाही, आणि मिळाले त्यांना तक्रार करण्याची हिंमत राहिली नाही. मार्च २०२४ मध्ये या सेवकांना कुटुंब नेण्यास मनाई झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशांतून नवी भरतीच बंद झाली. महाराष्ट्रातील गावोगावच्या तरुणांना ‘केअर व्हिसा’चे आमिष दाखवून आजही कोणी पैसे मागत असेल, तर हे दार बंद झालेले आहे एवढे वाचकांनी त्यांच्या कानावर अवश्य घालावे. दार बंद केल्यामुळे रिकाम्या जागा कोणी भरावयाच्या, याचे उत्तर संस्थाचालकांनी विचारले. त्या देशातल्या देशात वेतन वाढवून भरावयाच्या, असे सरकार सांगते. आणि वेतन वाढविण्यास दर कोठे आहे, असे विचारून संस्थाचालक पुन्हा आरंभाच्या प्रश्नाशी येतात.

या सर्व हिशेबात ज्यांचा उल्लेखही होत नाही, ते घरच्या घरी आपल्या माणसाची सेवा करणारे. २०२१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये असे सुमारे पन्नास लाख लोक नोंदले गेले. आठवड्यास निदान ३५ तास सेवा करणाऱ्यास २०२५-२६ मध्ये मिळणारा भत्ता ८३.३० पौंड, म्हणजे तासाला अडीच पौंडही नाही. हा भत्ता १९७६ साली सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना तो द्यावयाचाच नाही असा नियम होता, कारण त्या एरवीही घरीच असणार! एका स्त्रीने लुक्सेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत दाद मागितल्यावर १९८६ साली तो नियम गेला.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. इतके झाले की त्यांची यादी वाचताना वाचकास हसू यावे. १९९९ साली लॉर्ड सदरलँड यांच्या शाही आयोगाने वैयक्तिक परिचर्या सर्वांना विनामूल्य द्यावी असे सुचविले. स्कॉटलंडने २००२ पासून पासष्टीपुढील लोकांसाठी ते अंमलात आणले, म्हणजे रेघेचा एक मोठा तुकडा पुसून टाकला. इंग्लंडने नोंदणीकृत परिचारिकेच्या कामापुरतेच पैसे दिले आणि बाकी विषय बाजूस ठेवला. २०११ साली अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने दाखवून दिले की, पासष्टीच्या दर दहा माणसांतील एकावर उर्वरित आयुष्यात परिचर्येचा एक लाख पौंडांहून अधिक खर्च येतो. तो एक कोण असेल हे आधी कळत नसल्यामुळे ही विम्याने वाटून घेण्याजोगी आपत्ती आहे, आणि म्हणून व्यक्तीच्या आयुष्यभराच्या खर्चास सुमारे ३५,००० पौंडांची कमाल मर्यादा असावी. २०१४ च्या कायद्यात मर्यादेची तरतूद झाली, रक्कम ७२,००० ठरली, एप्रिल २०१६ ही तारीख नेमली. तारीख २०२० पर्यंत ढकलली. २०१७ मध्ये बेतच सोडून दिला. त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणुकीच्या जाहीरनाम्यात घरबसल्या मिळणाऱ्या सेवेसाठीही घराची किंमत धरण्याची योजना मांडली, विरोधकांनी तिला ‘डिमेन्शिया टॅक्स’, म्हणजे स्मृतिभ्रंशावरचा कर, म्हणून हिणवले, आणि त्यांचे बहुमत गेले. २०१९ च्या जुलैत बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधानांच्या निवासाच्या दारात हा प्रश्न कायमचा सोडविण्याची ग्वाही दिली. २०२१ मध्ये ८६,००० पौंडांची नवी मर्यादा आणि तिच्यासाठी सव्वा टक्क्याचा खास कर आला. पुढच्या वर्षी कर रद्द, मर्यादा दोन वर्षे तहकूब. आणि २०२४ च्या जुलैत रीव्ह्ज यांनी तीही रद्द केली. मधल्या काळात कोविडची साथ येऊन गेली. तीत १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या महिन्याभरात रुग्णालये मोकळी करण्यासाठी सुमारे २५,००० रोगी परिचर्यागृहांत पाठविले गेले, त्यांतील कित्येकांची तपासणीही न करता. त्या धोरणाचा काही भाग बेकायदा होता असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला.

इतक्या अपयशांचे कारण मंत्र्यांच्या नाकर्तेपणात शोधणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. रुग्णालय बंद पडले तर सारा मतदारसंघ रस्त्यावर येतो, कारण प्रत्येकास आपण उद्या आजारी पडू असे वाटते. परावलंबी होऊ असे कोणासच वाटत नाही. म्हणून त्या भविष्यासाठी आज कर भरण्यास मतदार राजी नसतो, आणि जो पक्ष खर्चाचा आकडा प्रामाणिकपणे सांगतो तो निवडणुकीत शिक्षा भोगतो. बारा तास काम करून थकलेली सेविका, हिंडण्याची शक्ती नसलेला वृद्ध आणि मोर्चात येऊ न शकणारा अपंग यांच्या वतीने मालकवर्गाला रस्त्यावर यावे लागले, यावरून या माणसांचा राजकीय आवाज किती क्षीण आहे हे दिसते. मोहिमेची मागणी दरापुरती आहे आणि त्या मर्यादेत ती न्याय्य आहे. परंतु १९४८ ची रेघ जोवर जागेवर आहे, तोवर वाढविलेला दर एक तर कौन्सिलीचे दिवाळे काढील, नाही तर रहिवाशाचे घर विकावयास लावील.

सरकारने या प्रश्नावर आता लुईस केसी यांचा आयोग नेमला आहे. त्याचे काम एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाले. पहिला अहवाल २०२६ मध्ये आणि अंतिम अहवाल २०२८ पर्यंत द्यावा, अशी मुदत ठरविण्यात आली. पुढील सार्वत्रिक निवडणूक २०२९ च्या ऑगस्टपर्यंत घेणे कायद्याने बंधनकारक आहे.